गुडघ्याखालची नाल

३ मार्च २०१४, सोमवार

ही डायरी २००९ची आहे. संस्थेच्या कपाटात कोरी पडली होती, इंदुताईंनी मला दिली. छापलेले वार सगळे चूक आहेत, ते खोडून लिहायलेय. त्या म्हणाल्या, तू बोलत नाहीस, हरकत नाही, पण रोज काय केलं ते कागदावर तरी सांग. त्यांना पाहिजे ते मी कामाच्या रजिस्टरात लिहिते, वेढे किती, तार कोणती. इथं बाकीचं. चोरून वाचणाऱ्याच्या घरचा पंखा ऐन मे महिन्यात जळो.

मी गंगू. वय सतरा. नववीत शाळा सोडली. बाई म्हणाल्या, उभी राहून धडा वाच. मी उभी राहिले. तास संपला, पुढच्या तासाचे सर आले, मी उभीच. दुसऱ्या दिवशी गेलेच नाही. अण्णांनी, म्हणजे वडलांनी, रागवायला तोंड उघडलं, मग म्हणाले, बरं, चार पंखे आलेत, बस वाइंडिंगला. मलकपेठला आमचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. पंखे प्रश्न विचारत नाहीत. तेव्हापासून माझं बरं चाललंय.

गेल्या दिवाळीत इंदुताई तारनाक्याहून जळका पंखा घेऊन आल्या. आठ दिवसांनी परत आल्या, मला वाटलं परत जळाला. त्यांनी विचारलं, वेढे कोणी घातले? अण्णांनी माझ्याकडे बोट केलं. मी मोटरीच्या मागं गेले. तिथून मला नोकरी लागली.

४ मार्च

इंदुताई डॉक्टर आहेत पण सुई देणाऱ्या नाहीत, फिजिक्सवाल्या. कॅन्सरच्या दवाखान्यात वीस वर्षं त्यांनी किरणांची मशीन मोजून दिली. किरण जिथं पडायचे तिथंच पडतात का, जास्त तर पडत नाहीत, हे बघायचं. पेशंटला त्यांचं नावसुद्धा माहीत नसायचं. मग या संस्थेत आल्या आणि ठरवलं की एमआरआयचं छोटं मशीन बनवायचं, फक्त गुडघ्यासाठी. मोठ्या मशीनला थंड गॅस लागतो, मोठी खोली लागते, आणि आदिलाबादच्या माणसाला इथं येऊन महिनाभर नंबर लावावा लागतो. हे छोटं जिल्ह्याच्या दवाखान्यात राहील. वीज दिली की चुंबक, बंद केली की नुसतं लोखंडाचं धूड.

नऊ वर्षं झाली. तेवढ्यात मी तिसरीतून नववीत जाऊन शाळा सोडूनही बसले.

गुडघ्याभोवती तांब्याच्या तारेची गुंडाळी असते, ती गुडघ्याचं ऐकते. ती मी बनवते. आणि गुडघा पण माझाच. पाऊण तास न हलता पडून राहणारी हैदराबादेत मीच एक निघाले. शाळेतली प्रॅक्टिस.

१२ मार्च

दोन जूनला राज्याची वाटणी, तेलंगणा वेगळं, आंध्र वेगळं. त्यामुळं संस्थेची पण. सगळ्या सामानाला चिठ्ठ्या लागायल्यात, हिरवी आपली, निळी आंध्रची. माणसांची वाटणी अठ्ठावन-बेचाळीस, तर खुर्च्यांची पण तशीच म्हणे. चिठ्ठ्या चिकटवायचं काम स्टोअरच्या एकनाथरावांकडं. ते आपले मराठीच, जामबागचे, पण तेलंगणासाठी इतके ओरडले की घसा कायमचा बसला. चहाची किटली त्यांनी पहिल्याच दिवशी हिरवी केली. सांबशिवराव गारू म्हणाले, मग आतला चहा निळा करा.

सांबशिवराव गारू (गारू म्हणजे तेलुगूतलं ‘जी’) इलेक्ट्रॉनिक्सवाले, गुंटूरचे, म्हणजे निळ्या चिठ्ठीचे. रिटायर व्हायला तीन वर्षं राहिलीत. मला तारेचं सोल्डरिंग करायला त्यांनीच शिकवलं. तेलुगूत बोलतात, माझ्या उत्तराची वाट बघत नाहीत, स्वतःच उत्तर देतात आणि स्वतःच हसतात. दुनियेतली सगळी माणसं अशी पाहिजेत.

मशीनला कुठली चिठ्ठी, हे ठरेना. शेवटी वरून कागद आला. २६ मेला कमिटी येईल. त्या दिवशी गुडघ्याचा स्वच्छ फोटो निघाला तर मशीन चालू माल, इथंच राहील. नाही निघाला तर भंगार, लिलावात.

इंदुताईंनी कागद दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, गंगू, नवी गुंडाळी कर. सात वेढे.

३० मार्च, रविवार

उद्या पाडवा. नवी गुंडाळी मशीनवर बसणार. आईला सांगितलं की येणारा जाणारा प्रत्येकजण मशीनकडं बघतो आणि मनात चिठ्ठी लावतो. आई, म्हणजे मालनबाई, नजरेची स्पेशालिस्ट. लगेच म्हणाली, मग नाल लाव. आमच्या दाराला, गल्ल्याला, फ्रिजला, सगळ्याला नाल आहे. रेसकोर्स जवळ, माल कमी नाही.

मी म्हणलं, तिथं लोखंड चालत नाही, चुंबक आहे. घरी मी बोलते, तिथं मला कोणी थांबवू शकत नाही. आई गेली नालबंद चाचाकडं. त्यांनी सांगितलं, रेसच्या दिवशी घोड्याला लोखंडाची नसते, हलकी जर्मनची असते, अल्युमिनियमची. एक घेऊन आली. घोडा तिसरा आलेला. पहिल्याची मागितली तर चाचा म्हणाले वेटिंग आहे.

अण्णांच्या दुकानातलं चुंबक लावून बघितलं. चिकटलं नाही. चार बाजूंनी बघितलं. मी बेजबाबदार नाही.

एक अट आहे. ज्याच्यासाठी लावली त्याला सांगायचं नाही. सांगितलं की गुण गेला. सांगायचं नाही, हे मला जमण्यासारखं आहे.

३१ मार्च, पाडवा

गुडघ्याखालची गादी मीच शिवलेली, रेक्झिनची. एक बाजू उसवून नाल आत सरकवली, परत शिवली. टाका दिसत नाही. इंदुताईंनी घरून श्रीखंड आणलं होतं. मला गादीकडं बघून हसू यायला लागलं, मग श्रीखंडाकडं बघून हसले.

२ एप्रिल

नव्या गुंडाळीचा पहिला फोटो. गुडघा आला, पण एका बाजूला काळा डाग. चंद्रकोरीसारखा, कोणी चावा घेतल्यासारखा. इंदुताई म्हणाल्या, होतं पहिल्यांदा.

बघा, नजर केवढी. नाल नसती तर अख्खा गुडघाच गेला असता.

९ एप्रिल

डाग आहे तिथंच. मशीनजवळ कुठंतरी लोखंड राहिलंय असं इंदुताईंचं मत. खोलीभर चुंबक फिरवलं. एकनाथरावांच्या खिशातून स्क्रू-ड्रायव्हर निघाला, वीस मिनिटं भाषण ऐकलं त्यांनी. माझ्या केसातली पिन काढली. गादीवरून पण चुंबक फिरवलं. मी श्वास धरला. काही चिकटलं नाही. चाचा खरं बोलले.

१६ एप्रिल

बाटलीचा फोटो काढला. मोरचूद घातलेलं निळं पाणी, लाकडी ठोकळ्यावर ठेवतात. एकदम स्वच्छ. मग माझा गुडघा, डाग. इंदुताई माझ्या गुडघ्याकडं असं बघायला लागल्या, जसा काही मीच तो बाजारातून आणलाय. लहानपणी पडलीस का, आत काही गेलं का. मी मान हलवली, नाही.

मग एकनाथरावांना झोपवलं. त्यांचा गुडघा, सेम डाग. म्हणजे बाटलीला नजर लागत नाही, माणसाला लागते. हे फिजिक्सच्या पुस्तकात नसावं.

१९ एप्रिल

इंदुताई जेवल्या नाहीत. पेन्सिल घेऊन डागाची बाह्यरेषा काढत बसल्या. म्हणाल्या, याचा आकार इतका रेखीव कसा, हे मला झोपू देत नाही.

आईला सांगितलं. आई म्हणाली, एका नालेला झेपत नसेल. चाचांकडं परत गेली. या वेळी दुसरा आलेला घोडा.

२१ एप्रिल

दुसरी नाल गादीच्या दुसऱ्या बाजूला. टाका पहिल्याहून चांगला आला.

फोटोत दोन डाग.

इंदुताई खुर्चीत बसल्या आणि बराच वेळ उठल्याच नाहीत. सांबशिवराव गारूंनी सगळी तार तपासली, मग म्हणाले, मॅडम, हे मशीन पण दोन राज्यांत वाटलं गेलं. कोणी हसलं नाही. मला हसू आलं होतं, पण इंदुताईंच्या चेहऱ्याकडं बघून गिळलं.

३० एप्रिल

मतदान, सुट्टी. माझं वय नाही. अण्णांच्या बोटाची शाई बघत बसले.

८ मे, गुरुवार

वाईट दिवस. एकनाथरावांनी सगळ्यांसमोर म्हटलं की डाग आपोआप एकाचे दोन होत नाहीत. कोणाला पाहिजे हे मशीन भंगारात जावं? जो सोडून जाणार आहे त्याला. नाव घेतलं नाही. घेण्याची गरज पण नव्हती, खोलीत सोडून जाणारं एकच माणूस होतं.

सांबशिवराव गारूंनी चहा खाली ठेवला. मला वाटलं आता बोलतील, एरवी किती बोलतात. त्यांनी कप धुवायला नेला.

इंदुताईंनी एकनाथरावांना गप्प केलं. पण नंतर हळूच म्हणाल्या, सांबशिवराव, कमिटी होईपर्यंत आतल्या खोलीची किल्ली माझ्याकडं असू द्या. सगळ्यांच्याच भल्याचं आहे. त्यांनी किल्ली कड्यातून काढली. निघता निघेना, नखानं ओढली. दोघं नऊ वर्षं एका डब्यातून जेवतात.

मला एवढं कळतं की त्यांनी नाही केलं. कोणी केलं ते कळत नाही.

१७ मे, शनिवार

आज झालेलं लिहायला हात होत नाही, पण लिहिते.

आतल्या खोलीला तांब्याच्या जाळीचा पिंजरा आहे, बाहेरचं रेडिओ-बिडिओ आत येऊ नये म्हणून. इंदुताईंनी चुंबक चालू केलं होतं, मी पडायच्या तयारीत. सांबशिवराव गारू दारातच उभे, आत यायला आता ते स्वतःच तयार नसतात. माझं तोंड उतरलेलं दिसलं असेल. मला हसवायला त्यांनी डब्याचं झाकण काढलं, जुन्या जर्मनच्या डब्याचं. त्याला दोरा बांधून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, अम्मायी, म्हणजे पोरी, आधी चुंबकाला लावून बघ. लावलं. चिकटलं नाही. मग म्हणाले, आता झोका दे, चुंबकाच्या मधून जाऊ दे.

झोका दिला. झाकण गेलं आणि मधेच थांबलं. पाकात पडल्यासारखं. मी परत झोका दिला. परत थांबलं.

"इनुमु कादु," ते म्हणाले. लोखंड नाही. "अयिना आगिंदि." तरी थांबलं.

मग समजावलं. लोखंडच लागतं असं काही नाही. वीज वाहणारं काहीही चालतं, चुंबकात हालचाल झाली की त्याच्यात वीज गरगरा फिरते आणि ती चुंबकाशी भांडते. आपल्या मशीनमधे तर चुंबकाचा जोर सेकंदात शंभरदा कमी-जास्त होतो, नुसतं ठेवलेलं पण भांडेल.

मी गादीकडं बघितलं. ते आपले झाकण डब्याला लावून हसत गेले.

मी पडले. फोटो निघाला. दोन डाग. नालेचे. डावीकडं तिसरा घोडा, उजवीकडं दुसरा.

१९ मे, सोमवार

सगळ्यांच्या आधी आले. गादी उसवली, दोन्ही काढल्या, डब्याच्या पिशवीत टाकल्या, गादी शिवली. वाटलं, झालं, मिटलं, कोणाला कळणार पण नाही.

फोटो निघाला. डाग नाही. कूर्चा दिसायली, ती गादीसारखी असते हाडांच्या मधे. इंदुताईंचा हात तोंडावर गेला. नऊ वर्षांनी पहिला स्वच्छ गुडघा. माझा! इंदुताईंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि काढलाच नाही.

मग एकनाथराव म्हणाले, बघितलं मॅडम? किल्ली काढून घेतली आणि मशीन सुधारलं.

 इंदुताईंनी दाराकडं बघितलं. तिथं सांबशिवराव गारू उभे होते, फोटो बघायला आलेले. ते परत फिरले.

माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. मी डाग पुसला आणि तो त्यांना लावला.

२० मे

रजिस्टरात लिहिलं: "गादी उसवली. आतल्या दोन वस्तू काढल्या. परत शिवली." इंदुताईंनी न वाचता सही केली. कमिटीचे कागद करायल्यात. वस्तू म्हणे. मी पण कमाल आहे.

२२ मे

एकनाथरावांनी अर्ज टाइप केला. कमिटीला देणार. "सदर कर्मचाऱ्याने हेतुपुरस्सर" असं काहीतरी. सदर कर्मचारी बाहेर झाडाखाली एकटे जेवत होते. डब्याचं झाकण तेच.

तीनदा इंदुताईंच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिले. त्या म्हणाल्या, काय गं? मी उभी. शाळा आठवली. चौथ्यांदा त्यांना फोन आला.

चिठ्ठी लिहून द्यावी तर एकनाथराव म्हणतील, सांबशिवरावांनीच लिहून घेतली मुलीकडून. तोंडानंच सांगायला पाहिजे. तोंडाला कोण सांगणार.

२६ मे, सोमवार

तीन साहेब आले. मोठे साहेब घाम पुसत विचारत होते, इथल्या एसीला कुठली चिठ्ठी आहे. मी आत जाऊन पडले. पाडव्याच्या नव्या ड्रेसवर, बटणं प्लास्टिकची. इंदुताईंनी गुंडाळी बसवली, जाळीचं दार लावलं. आता मला कोणी दिसत नाही, वरचं छत फक्त. डोक्याजवळ माइक असतो, पेशंटला काही झालं तर बोलायला. मी आजवर कधी वापरला नाही. इंदुताई रोज विचारतात, गंगू, बरी आहेस ना, आणि मी अंगठा वर करते.

आज पण विचारलं. अंगठा वर केला. टकटक सुरू झाली.

स्पीकर चालूच होता. बाहेर एकनाथरावांचा बसका आवाज ऐकू आला, साहेब, फोटोआधी एक अर्ज आहे. कागद उलगडल्याचा आवाज आला.

छताला एक ओल आहे, मोराच्या आकाराची. मी तिला सांगितलं.

"इंदुताई, सांबशिवराव गारूंनी काही केलं नाही. गादीत नाल होती. मी शिवली होती."

टकटक चालू.  मग मोठ्या साहेबांचा आवाज, काय म्हणतेय ती मुलगी? सतरा वर्षांनी एकदा बाहेरच्यांसमोर तोंड उघडलं आणि ते मराठीत वाया गेलं. परत उघडलं.

"साब, नाल मैं रखी थी. घोडे की. दो. गारू कुछ नै किये."

आता सगळ्यांना कळलं. स्पीकरमधून इंदुताई म्हणाल्या, "गंगू, हलू नकोस." आवाज कसा होता ते कळेना. मी हलले नाही. डोळ्यातलं पाणी कानात गेलं तरी हलले नाही.

दार उघडलं तेव्हा फोटो पडद्यावर होता. स्वच्छ. तोंड हललं, गुडघा नाही.

मला वाटलं आता हाकलतील. इंदुताई म्हणाल्या, नाला कुठायत? मी पिशवीतून काढल्या. त्यांनी हातात तोलल्या, टेबलावरचं चुंबक लावून बघितलं, आणि त्यांचा चेहरा असा झाला, जसं काही गणिताचं उत्तर शेजारच्या वहीत सापडलं. "परत ठेव गादीत," म्हणाल्या. "होत्या तशाच."

साहेब म्हणाले, मॅडम, फोटो झाला की. इंदुताई म्हणाल्या, बसा. एका माणसावर मी पुराव्याशिवाय शक घेतला. तो पुराव्यानंच काढणार.

सगळ्यांसमोर गादी उसवली. नाला आत. मी पडले. दोन डाग. नाला बाहेर. मी पडले. स्वच्छ. एक नाल. एक डाग. दीड तास चाललं. मोठ्या साहेबांना मजा यायला लागली, म्हणाले आता माझा गुडघा घ्या, दुखतो. तेवढ्यात कोणीतरी जाऊन सांबशिवराव गारूंना घेऊन आलं होतं. दारात उभे राहून ते फोटो बघत होते, एकदा डागाकडं, एकदा माझ्याकडं.

इंदुताईंनी कड्यातून किल्ली काढली आणि त्यांच्यापुढं धरली. म्हणाल्या, "चूक मुलीची दोन महिन्यांची. माझी नऊ वर्षांची. मी तुम्हाला ओळखत होते आणि तरी."

त्यांनी किल्ली घेतली.  मग झाकण काढून डबा इंदुताईंपुढं केला. आत मिरचीची दोन भजी होती. एक इंदुताईंनी उचललं.

एकनाथरावांनी अर्जाची आठ वेळा घडी घातली. मशीनला हिरवी चिठ्ठी लावायला त्यांच्याशिवाय कोणी नव्हतं, ती लावली, वाकडी लागली.

संध्याकाळी इंदुताईंनी विचारलं, दोन का गं? मी म्हणलं, एकीनं होईना. त्यांनी चष्मा काढला आणि टेबलावर डोकं ठेवून हसल्या. मला वाटलं रडायल्यात. थोड्या रडल्या पण असतील. मग म्हणाल्या, तुझे दोन महिने मी पगारातून कापायला पाहिजेत, पण अल्युमिनियमवर असा अभ्यास कोणी केलेला नाही.

घरी आईनं विचारलं, चाललं का मशीन? चाललं म्हणलं. आई म्हणाली, बघ. मी काय सांगितलं होतं.

२ जून, सोमवार

नवं राज्य. सकाळपासून फटाके. एकनाथरावांनी पेढे वाटले, आवाज पूर्ण गेलाय, खुणांनी सांगतात.

सांबशिवराव गारूंची बदली गुंटूरला. दुपारी सामान घेऊन निरोप घ्यायला आले. वाटणीच्या यादीत दोन नाला आल्या होत्या, साहेबांनीच घालायला लावल्या. एक हिरवी, एक निळी. अठ्ठावन-बेचाळीस जमलं नाही, निम्मी-निम्मी केली. हिरवी बाहेरच्या दाराला ठोकली, जाळीपासून वीस फुटांवर. इंदुताईंनी टेपनं मोजलं.

निळी सांबशिवराव गारूंची. त्यांनी खिशातून चुंबक काढलं, नालेला लावून बघितलं, चिकटलं नाही, मान डोलावली. मग माझ्याकडं बघून विचारलं, आमच्या तिथं कुठं लावायची? आणि सवयीप्रमाणं उत्तर स्वतःच द्यायला तोंड उघडलं.

"दारावर," मी म्हणलं. "मशीनमधे नक्को."

त्यांचं तोंड उघडंच राहिलं. माइक नव्हता. ते समोरच उभे होते.